पाणीच ठरवते पिल्ले नर की मादी : बुटक्या सिक्लिड माशांचे घरगुती संवर्धन

घरातील काचेच्या टाकीत माशांच्या जोडीने अंडी घातली, पिल्ले बाहेर आली, आई-बापांनी ती राखली आणि तीन-चार महिन्यांनी मोजदाद केली तेव्हा जवळजवळ सगळीच नर निघाली. बुटके सिक्लिड पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या वाट्याला हा अनुभव वारंवार येतो. बहुतेक जण त्याला नशिबाचा भाग मानतात. वास्तविक त्याचे उत्तर टाकीतल्या पाण्यातच असते. या माशांच्या अनेक जातींत पिल्लू नर होणार की मादी, हे केवळ आनुवंशिकतेवर ठरत नाही. आयुष्याच्या पहिल्या महिन्यात पाण्याची आम्लता आणि उष्णता किती होती, यावरही ते अवलंबून असते.

सिक्लिड हे नाव अपरिचित वाटले तरी हे मासे आपल्याला नवे नाहीत. महाराष्ट्रातील धरणांच्या परिसरात ताटात येणारा चिलापी हा आफ्रिकेतून आलेला सिक्लिडच होय. गोव्यातील आणि दक्षिण कोकणातील काळुंदर याच कुळातला. केरळमध्ये त्यालाच करीमीन म्हणतात आणि २०१० मध्ये त्या राज्याने त्याला राज्य मासा म्हणून घोषित केले. भारतात मूळच्या सिक्लिडच्या अवघ्या तीन जाती आहेत. बाकीचे प्रचंड गोत्र आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत पसरलेले आहे. त्यातील ज्या जाती पूर्ण वाढल्यावरही साधारण दहा सेंटीमीटरच्या पुढे फारशा जात नाहीत, त्यांना हौशी लोक बुटके सिक्लिड म्हणतात. ही शास्त्रीय वर्गवारी नाही, सोयीसाठी पडलेले नाव आहे.

आपल्याकडील दुकानांत यांपैकी तीन मासे प्रामुख्याने दिसतात. पहिला क्रिबेन्सिस. हा नायजेरियाचा दक्षिण भाग आणि कॅमेरूनच्या किनारपट्टीतील ओढ्यांचा रहिवासी. क्रिबी हे कॅमेरूनमधील एक किनारी शहर. त्यावरून पडलेले हे नाव खरे तर दुसऱ्या एका जवळच्या जातीचे आहे, पण व्यापारात ते याच माशाला चिकटले. त्याचे शास्त्रीय नाव पेल्विकाक्रोमिस पुल्चर. दुसरा कोकाटू, म्हणजे अ‍ॅपिस्टोग्रामा काकाटुऑयडिस. अ‍ॅमेझॉनच्या पश्चिम खोऱ्यातला. नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात, म्हणून हे नाव. अ‍ॅपिस्टोग्रामा या एकाच प्रजातीसमूहात नव्वदहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. तिसरा रॅम किंवा रामिरेझी. व्हेनेझुएला आणि कोलंबिया या देशांतील गवताळ मैदानांत तो आढळतो.

यांपैकी रॅम सर्वांत देखणा आणि सर्वांत सहज मिळणारा असल्याने नवखे लोक तोच घेतात आणि महिन्याभरात गमावतात. तो सतत २८ अंश सेल्सिअसच्या आसपासचे ऊबदार आणि अतिशय स्वच्छ पाणी मागतो. अंडी उघड्या सपाट दगडावर घालतो आणि बऱ्याचदा स्वतःच खाऊन टाकतो. सुरुवात करणाऱ्याने क्रिबेन्सिस घ्यावा, दुसऱ्या वर्षी कोकाटू आणि हात बसल्यावरच रॅम, असे सुचवावेसे वाटते.

पाण्याची परीक्षा

पाणी आम्ल आहे की अल्कली, हे सामू, म्हणजेच पीएच या मापाने सांगितले जाते. सात म्हणजे उदासीन. त्याहून कमी आम्ल, अधिक ते अल्कली. या मोजपट्टीवरचा प्रत्येक अंक दहापटीचा असतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. सामू सहा असलेले पाणी सात असलेल्या पाण्यापेक्षा दहापट आम्ल असते. दुसरे माप कठीणपणाचे. ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन. ज्यात होत नाही, भांड्यांवर पांढरे डाग राहतात ते दुष्फेन. बुटक्या सिक्लिडच्या मायभूमीतील ओढ्यांत सतत पावसाचे पाणी वाहते, तळाशी पाने कुजतात, खनिजे नावालाच असतात. त्यामुळे तेथील पाणी सुफेन आणि बहुधा आम्ल असते.

आपल्या देशात पाणी गावागणिक बदलते. मुंबईला तलावांतून येणारे पावसाचे पाणी बरेच सुफेन असते. उलट दख्खनच्या पठारावरील विंधन विहिरी, गुजरात, राजस्थान आणि दिल्लीच्या आसपासचे भूजल यांत खनिजांचे प्रमाण मोठे असते. म्हणून एका शहरातील मित्राचा सल्ला दुसऱ्या शहरात जसाच्या तसा लागू पडत नाही. सामू मोजण्याचा साधा संच आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणारा टीडीएस मीटर या दोन गोष्टी मासे आणण्यापूर्वी घ्याव्यात. नळाचे पाणी वापरताना त्यातील क्लोरीनही काढावे लागते. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट मिळते, किंवा पाणी उघड्या भांड्यात हवेचा पंप लावून एक दिवस ठेवता येते.

आम्ल पाणी हवे म्हणून टाकीत देशी बदामाची पाने टाकण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. सोसायटीच्या अंगणात पडणारी ही लाल-तपकिरी सुकी पाने धुऊन टाकली की पाण्याला चहासारखा रंग येतो, मासे निर्धास्त होतात, आणि पानांवर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लांना खायला मिळतात. मात्र पाणी दुष्फेन असेल तर कितीही पाने टाकली तरी सामू फारसा हलत नाही. पाण्यातील कार्बोनेट क्षार आम्लाला तिथल्या तिथे निष्प्रभ करतात. अशा वेळी अधीर झालेले लोक आम्लाचे थेंब टाकतात. सामू दुपारी उतरतो, सकाळी पुन्हा वर येतो आणि त्या चढउतारात मासे मरतात. आधी कठीणपणा कमी करावा, मग पानांचा परिणाम दिसतो.

त्यासाठी अनेक घरांत असलेले आरओ यंत्र उपयोगी पडते. त्याचे पाणी आणि नळाचे पाणी ठराविक प्रमाणात मिसळून हवा तो कठीणपणा साधता येतो. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये. त्यात सामू स्थिर ठेवण्याची शक्ती जवळजवळ नसते. काही यंत्रे शुद्ध पाण्यात पुन्हा खनिजे मिसळतात, तेव्हा मीटरने खात्री करून घ्यावी. शिवाय प्रत्येक लिटर शुद्ध पाण्यामागे ही यंत्रे बरेच पाणी वाया घालवतात, ते झाडांना किंवा फरशी पुसायला वापरता येईल. पावसाळ्यात पहिले काही पाऊस सोडून स्वच्छ गच्चीवरून साठवलेले पाणी हा याहून स्वस्त आणि चांगला पर्याय.

टाकी जुनी होऊ द्यावी

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे चोपन्न लिटर पाणी मावते. एका जोडीला ती पुरते. नवी टाकी भरून दुसऱ्या दिवशी मासे सोडणे ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइटमध्ये, दुसरा गट नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतो. हे जीवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीतला मळका स्पंज नव्या टाकीत ठेवल्यास हा काळ कमी होतो. सामू सहाच्या खाली गेल्यास हे जीवाणू मंदावतात, हेही आम्ल पाण्याच्या मागे लागणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

फिल्टर हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचाच असावा. मोठ्या यंत्रांच्या ओढीत पिल्ले शोषली जातात. तळाशी बारीक वाळू हवी, कारण हे मासे तोंडभर वाळू घेऊन चाळतात आणि कल्ल्यांतून सोडतात. रॅमच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ‘छोटा माती खाणारा’ असा आहे. वाळू नदीची, धुतलेली असावी. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत; फसफसली तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे, ती पाणी दुष्फेन करील. संगमरवराचे तुकडेही त्याच कारणाने टाळावेत. आपला काळा दगड निर्धोक.

क्रिबेन्सिस आणि कोकाटू गुहेत अंडी घालतात. बाजारात त्यासाठी रंगीत किल्ले मिळतात, त्यांची गरज नाही. कडेला लहानसे भोक पाडलेली नारळाची करवंटी पालथी ठेवावी, किंवा संक्रांतीचे सुगड आडवे करून अर्धे वाळूत पुरावे. सुगडाला रंग लावलेला नसावा आणि ते दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून घ्यावे. दार माशाच्या अंगापेक्षा थोडेच मोठे असावे. एका जोडीला निदान दोन-तीन गुहा ठेवाव्यात, म्हणजे निवड त्यांची राहते.

जोडी जमते तेव्हा

दुकानदाराने काढून दिलेली ‘जोडी’ जोडी असतेच असे नाही. पाच-सहा लहान मासे आणून एकत्र वाढवावेत. त्यांतून एक जोडी आपोआप वेगळी होते आणि बाकीच्यांना पिटाळू लागते. मग इतरांना दुसरीकडे हलवावे. क्रिबेन्सिसचा नर मोठा, शेपटीचा मधला भाग टोकदार. मादी आखूड आणि गोलसर. विणीच्या काळात तिचे पोट जांभळट लाल होते आणि पुढाकारही तीच घेते. अंग धनुष्यासारखे वाकवून, थरथरत ती नरापुढे आपले पोट मिरवते. काही दिवसांनी दोघे मिळून गुहेतील वाळू तोंडाने बाहेर काढू लागतात. पुढे मादी दिसेनाशी होते आणि नर दारावर येरझाऱ्या घालू लागतो, तेव्हा आत अंडी आहेत असे समजावे.

या वेळी काहीच न करणे हेच सर्वांत कठीण काम. बॅटरी मारून डोकावणे, करवंटी उचलून पाहणे यांनी घाबरलेली मादी अंडी खाऊन टाकते. तसे काही न करताही पहिली एक-दोन विणी वाया जाणे नेहमीचेच आहे. तरुण आई-बाप शिकत असतात. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. त्यानंतर पाच-सहा दिवस पिल्ले पोटाशी असलेल्या बलकावर जगतात आणि साधारण आठवड्याभराने मादीच्या मागोमाग ढगासारखी बाहेर पडतात. भरकटलेले पिल्लू नर किंवा मादी तोंडात उचलून घेते आणि थव्यात आणून सोडते. पाहणाऱ्याला प्रथम वाटते की खाल्लेच! संध्याकाळी सगळ्यांना पुन्हा गुहेत नेले जाते.

कोकाटूच्या संसाराची रीत निराळी. तेथे एका नराच्या हद्दीत अनेक माद्या राहतात आणि पिल्ले सांभाळण्याचे काम एकट्या मादीचे. अंडी घातल्यावर ती लिंबासारखी पिवळी होते, अंगावर काळ्या खुणा उमटतात, आणि आपल्याहून जवळजवळ दुप्पट असलेल्या नराला ती जवळ फिरकू देत नाही. लहान टाकीत नराला पळायला जागा उरत नाही. त्याचे पर फाटलेले दिसताच त्याला बाहेर काढावे. आपल्याकडचा नारिंगी क्रोमाइड हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला छोटा सिक्लिड तर याही पुढे जातो. त्याची पिल्ले आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात.

व्यावसायिक लोक अंडी काढून बरणीत, बुरशीनाशक घातलेल्या पाण्यात उबवतात. पिल्ले अधिक वाचतात, हे खरे. पण घरी ज्या दृश्यासाठी हे मासे पाळायचे, तेच त्यात हरवते.

नर किती, माद्या किती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सामूचा सिक्लिडच्या लिंगावर परिणाम होतो, असा निष्कर्ष रुबिन या संशोधकाने १९८५ मध्ये ‘कोपिया’ या नियतकालिकात मांडला होता. क्रिबेन्सिसच्या बाबतीत आम्ल पाण्यात वाढलेल्या पिल्लांत नर भरपूर होतात आणि पाणी उदासीनतेकडे झुकले की माद्या वाढतात. २०१३ मध्ये रेडन आणि हर्ड यांनी याच माशावर केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. क्रिबेन्सिसच्या नरांत लाल कल्ल्यांचे आणि पिवळ्या कल्ल्यांचे असे दोन प्रकार असतात. आम्ल पाण्यात नर तर वाढलेच, शिवाय त्यांत लाल प्रकारचे प्रमाणही वाढले. म्हणजे आयुष्याच्या आरंभी मिळालेले पाणी त्या माशाच्या रंगापर्यंत पोहोचते.

अ‍ॅपिस्टोग्रामांत मुख्य सूत्र उष्णतेच्या हाती आहे. र्‍योमर आणि बाइसेनहेर्त्स या जर्मन संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या ३७ जातींपैकी ३३ जातींत तापमानाचा परिणाम दिसून आला. पाणी थंड तर माद्या जास्त, गरम तर नर जास्त. हा परिणाम अंडी घातल्यानंतरच्या साधारण पहिल्या महिन्यात होतो. नंतर पाणी बदलून उपयोग नसतो.

यातून एक विसंगती उभी राहते. ‘सिक्लिडला आम्ल पाणी हवे’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो. क्रिबेन्सिस पाळणारा तो प्रामाणिकपणे पाळतो, बदामाची पाने आणि आरओचे पाणी वापरून सामू साडेपाचवर आणतो, विणही होते, आणि हाती नरच नर येतात. वस्तुतः क्रिबेन्सिसची अंडी मध्यम कठीण पाण्यातही व्यवस्थित फुटतात. त्याच्यासाठी सामू साडेसहाच्या आसपास ठेवला तर पुरे. कोकाटूचे तसे नाही. त्याला सुफेन पाणी मानवते, पण त्याची अडचण आपला उन्हाळा आहे. एप्रिल-मेमध्ये नागपूर, दिल्ली किंवा अहमदाबादच्या घरात टाकीचे पाणी तीस अंशांच्या वर सहज जाते. त्या दिवसांत वाढलेली पिल्ले बहुतांशी नर निघाली तर आश्चर्य वाटू नये.

म्हणून भारतात कोकाटूची वीण दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावी आणि हीटर लावून पाणी २५-२६ अंशांवर स्थिर ठेवावे. उत्तरेकडे हिवाळ्यात हीटर अनिवार्यच. उन्हाळ्यात वीण टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे गुहा काढून घेणे. पाणी थंड करण्यासाठी टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मात्र मुंबई, कोलकाता यांसारख्या दमट शहरांत हा उपाय निम्मासुद्धा चालत नाही. बर्फाचे तुकडे टाकू नयेत, अचानक बदल सर्वांत घातक.

पिल्लांचा पहिला महिना

बाहेर पडलेल्या पिल्लांना नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियासारखे अन्न नाही. त्याची सुकी अंडी डबीत मिळतात. एक लिटर पाण्यात पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ घालून, २६ ते २८ अंशांवर, खालून हवा सोडत ठेवल्यास एक ते दीड दिवसात नारिंगी ठिपक्यांसारखे जीव तरंगू लागतात. ते गाळून, गोड्या पाण्याने धुऊन दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावेत. पिल्लांची पोटे नारिंगी दिसली की अन्न पोहोचले. उरलेले अन्न सडून अमोनिया वाढतो, म्हणून बारीक नळीने तळ रोज साफ करावा आणि एक-दोन दिवसांआड दहा टक्के पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि त्याच सामूचे असावे.

चार ते सहा आठवड्यांनी आई-बाप पुन्हा अंडी घालण्याच्या तयारीला लागतात आणि तोवर जिवापाड जपलेल्या पिल्लांच्या मागे लागतात. त्या आधीच पिल्ले वेगळ्या टाकीत हलवावीत. लिंग ओळखू येण्यास आणखी दोन-तीन महिने जातात. तोपर्यंत प्रत्येक विणीची तारीख, रोजचे तापमान आणि आठवड्याचा सामू वहीत लिहून ठेवावा. हेच आकडे पुढे नर-माद्यांच्या मोजणीशेजारी ठेवले की आपल्या घरच्या पाण्याचा स्वभाव समजतो. दुसऱ्याच्या अनुभवाने तो कळत नाही.

अतिरिक्त पिल्लांचे काय करायचे, हे मात्र विणीपूर्वीच ठरवावे लागते. एका जोडीची पिल्ले काही आठवड्यांत शंभरावर जाऊ शकतात. कोलकाता किंवा चेन्नईतील कोळत्तूर यांसारख्या ठिकाणी शोभिवंत माशांचा मोठा व्यापार आहे; इतर शहरांत एखादा दुकानदार ती घेतो, पण नर-माद्या दोन्ही असतील तरच. सगळे नर असलेला थवा कोणाला नको असतो. आणि मग ती ओढ्यात, विहिरीत किंवा तलावात सोडण्याचा मोह होतो. चिलापी भारतात १९५२ मध्ये आणला गेला. आज उजनीसारख्या जलाशयांत जाळ्यात मुख्यत्वे तोच सापडतो आणि स्थानिक माशांना त्याच्याशी जागा आणि अन्न वाटून घ्यावे लागते. बुटके सिक्लिड आकाराने लहान असले तरी तेही त्याच कुळातले, स्वतःची पिल्ले राखणारे आणि हद्द सांभाळणारे मासे आहेत. घेणारा मिळेपर्यंत पिल्ले घरातच ठेवावीत, जोडीची गुहा काढून पुढची वीण थांबवावी, आणि नर-मादी शेजारच्या दोन टाक्यांत वेगळे करावेत.